‘श्यामची आई’ आणि पीएचडीवालीची पेन्सिल

दिवाळीला अकोल्याला निघाले तेव्हा गाईड सरांनी बजावलं होतं, “आठ दिवस एकही पेपर वाचायचा नाही. डोकं रिकामं करून या.” डोकं रिकामं करायचं म्हणून मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पेटीत माझी सातवीची चित्रकलेची वही, आईच्या लग्नातला स्टीलचा डबा आणि पाचवीत निबंध स्पर्धेत मिळालेलं ‘श्यामची आई’. आत शाळेचं लेबल, वर गोल शिक्का. म्हटलं, चला, हे वाचू. यात ना ग्राफ, ना टेबल, ना रिव्ह्यूअर नंबर दोन.

तिसऱ्या पानावर हातात पेन्सिल आली. कशी आली ते विचारू नका. तुम्ही पण कोर्सवर्क पूर्ण करा, तुमच्याही हातात येईल. पोहण्याच्या प्रकरणापर्यंत समासात माझी चार टिपणं झाली होती. पहिलं: ‘सॅम्पल साइज एक?’ दुसरं: ‘कंट्रोल ग्रुप कुठाय?’ म्हणजे बघा, श्याम पोहायला घाबरून घरात लपून बसतो, आई त्याला शिंपटीने मारत विहिरीवर पाठवते आणि तो पोहायला शिकतो. दहा वर्षांच्या मला वाटलं होतं की मारल्यामुळे शिकला. आताच्या मला प्रश्न पडला की गावातली मार न खाता विहिरीत उड्या मारणारी बाकीची पोरं कशी शिकली? दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे पेटच्या परीक्षेत तुम्ही चार पर्यायांतून निवडाल. पण हे कळायला मला शिंपटीचाच आधार लागला. (शिवाय आमच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीत इतकं मीठ की माणूस बुडायच्या आधी मुरेल. अतिशयोक्ती आहे. पण फार नाही, मी मोजलंय.)

आता कुणी रागवायच्या आत सांगते, हसू गुरुजींवर नाही, माझ्यावर आहे. आणि या हसण्यातूनच तीन-चार गोष्टी अशा सापडल्या, ज्या मेथडॉलॉजीच्या पुस्तकात मला दोनदा वाचूनही समजल्या नव्हत्या.

आधी पुस्तकाची जुजबी माहिती, कारण आपल्याला ते इतकं माहीत असतं की खरं तर काहीच माहीत नसतं. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म १८९९चा, कोकणातल्या पालगडचा. आई यशोदाबाई वारल्या १९१७ साली. पुस्तक लिहिलं नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ला सुरुवात आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे शेवट. पाच दिवस! याच्याशी बरोबरी करणारा वेग मला आमच्याकडे एकाच ठिकाणी सापडला. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनेस बुकात नाव गेलं. म्हणजे तोही पाच दिवसांतच. त्याच रस्त्याने ये-जा करणाऱ्या माझा प्रबंधाचा दुसरा धडा मात्र अकरा महिने झाले, मूर्तिजापूरच्या पुढे सरकला नाही.

तर, आई गेली आणि पुस्तक लिहिलं यांत सोळा वर्षं. शिवाय ही गोष्ट आहे, आत्मचरित्र म्हणून छापलेली नाही. आश्रमात मोठा झालेला श्याम रोज रात्री प्रार्थनेनंतर सोबत्यांना लहानपण सांगतो, म्हणून प्रकरणांना ‘रात्र’ म्हणतात. अशा बेचाळीस रात्री. पुढे याच श्यामला घेऊन गुरुजींनी ‘श्याम’ आणि आणखी भाग लिहिले, म्हणजे आजच्या भाषेत ही मालिकाच झाली. पण वाचतो कोण? आपण सगळे पहिल्या भागावर थांबलेले. सायटेशन एकाला, बाकीचे भाग लायब्ररीत.

पुस्तक उघडण्याआधी मी एक शहाणपणा केला होता, तो सांगते. वहीच्या एका पानावर लिहून काढलं की मला यातलं काय काय आठवतं. तुम्हीही कुठलाही प्रयोग पुन्हा करायच्या आधी हे करा. आधी अंदाज लिहून ठेवा, मग बघा. नाही तर निकाल आल्यावर मन लगेच म्हणतं, “हे तर मला ठाऊकच होतं.” माझ्या पानावर चार ओळी होत्या. अंघोळीनंतर पायाला घाण लागू नये म्हणून हट्ट. पोहणं. कळ्या तोडणं. आणि ‘आई रडते, श्याम रडतो, मग सगळे रडतात’.

मग वाचलं. आणि लक्षात आलं की पुस्तकाचा अर्धाअधिक भाग माझ्या पानावर नव्हताच. हे पुस्तक कर्जाचं आहे हो! भावाभावांत वाटणी होते, श्यामचे वडील घराबाहेर पडतात, कोर्टकचेऱ्या, सावकाराचा तगादा, आईचं माहेरच्या आसऱ्याला न राहता स्वतःची झोपडी मागणं, घरात तेल आहे तर मीठ नाही अशी गत, सावकाराचा माणूस येऊन वाटेल ते बोलतो, शेवटी जप्ती आणि दवंडी. आईच्या आजारपणाची गोष्टही या कर्जापासून सुटी करता येत नाही. आणि मला आठवत होते ते पाय पुसणं!

असं का झालं असेल? एक कारण सरळ आहे, दहा वर्षांच्या मुलीला जप्ती कळत नाही, चिखल कळतो. पण दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. मी पुस्तक एकदाच वाचलं होतं, पण त्यातली ठरावीक प्रकरणं मात्र शाळेत, गॅदरिंगच्या नाटुकल्यात, बाईंच्या भाषणात वीस वेळा ऐकली होती. गॅदरिंगला सावकार कोण बसवतं? म्हणजे माझ्यापर्यंत पोचलेला नमुना आधीच कुणीतरी चाळणीतून गाळलेला होता, आणि त्या गाळलेल्या नमुन्यावरून मी सगळ्या पुस्तकाबद्दल मत बनवून बसले होते. यालाच निवडीचा दोष म्हणतात. आणि चेहऱ्याचं काय सांगू! माझ्या डोक्यातल्या आईचा चेहरा पुस्तकातून आलेलाच नाही, तो अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटातल्या वनमालाबाईंचा आहे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या चित्रपटातलं काय आणि पुस्तकातलं काय, हे माझ्या डोक्यात असं कालवलं गेलं होतं की वेगळं काढता येईना. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असे किती संदर्भ आहेत, जे तुम्ही मूळ पेपरातून नाही, तर कुणाच्या तरी रिव्ह्यूमधून उचललेत? मी माझे मोजले. आकडा सांगणार नाही, सरही हे वाचतात.

कळ्यांची गोष्ट मात्र जशीच्या तशी आठवत होती आणि ती आता जास्तच टोचली. दुसऱ्या मुलांआधी आपल्याला फुलं मिळावीत म्हणून श्याम उमलायच्या आतच कळ्या तोडून आणतो आणि आईची बोलणी खातो. फेलोशिपच्या वार्षिक अहवालासाठी तीन महिन्यांच्या वाचनांवरून कॉन्फरन्सला पोस्टर टाकलेल्या बाईला ही गोष्ट वाचताना काय वाटत असेल, हे तुम्हाला लवकरच कळेल. मोठं होण्यासाठी, म्हणजे पुस्तकांसाठी, श्याम पैसे चोरतो ते प्रकरण आहे. त्यावर मी काही बोलत नाही. आपण सगळे पीडीएफ कुठून उतरवतो ते आपल्याला माहीत आहे.

आता खरा मुद्दा, आठवणींचा.

माझं काम पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या भूजलावर आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. वर काळी कसदार माती आणि खाली असं पाणी, की पिकाला दिलं तर जमीनच बिघडते. मी विहिरींची विद्युतवाहकता मोजते, म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत याचा अंदाज. आजचं वाचन मीटर देतं. पण वीस वर्षांपूर्वीचं? अनेक विहिरींची जुनी नोंदच नाही. मग मी बांधावर बसून विचारते, “काका, हे पाणी कवापासून खारं झालं?” एक काका म्हणाले, “झाले दहा साल.” त्यांचे सख्खे भाऊ शेजारच्याच विहिरीवर म्हणाले, “आमच्या आज्याच्या काळापासून हाय.” काकू आतून ओरडल्या, “कायले खोटं बोलता! सुमीच्या लग्नात याच पान्याचा सयपाक झाला व्हता.”

सुरुवातीला मी वैतागून काकांचं ‘१०’ लिहून मोकळी व्हायचे. चूक! तिघांतला सगळ्यात कामाचा पुरावा काकूंचा होता. माणसाची आठवण सालावर टांगलेली नसते, प्रसंगावर टांगलेली असते. लग्न, पूर, बैलजोडी घेतली ते वर्ष, कुणी वारलं तो उन्हाळा. संशोधनात याचीच रीत करून ठेवली आहे. आधी त्या घराची प्रसंगांची पट्टी आखायची, ज्या प्रसंगांची साल पक्की माहीत आहेत त्यांच्या खुंट्या ठोकायच्या आणि मग विचारायचं, “सुमीच्या लग्नाआधी की नंतर?” लग्नपत्रिकेवर तारीख असते. पाण्यावर नसते.

श्यामही अगदी असंच सांगतो. त्याच्या गोष्टींत सणवार आहेत, अक्काचं लग्न आहे, दापोलीची शाळा आहे, साल क्वचितच. म्हणून त्या खोट्या होत नाहीत. पण कुणी त्यांतून अमुक साली कोकणात कर्जाचा दर किती होता असं काढायला लागला, तर तो पुस्तकाला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून वदवून घेतो आहे.

आणि मग शेवटच्या रात्री. इथे पेन्सिल आपोआप थांबली. आईचं शेवटचं आजारपण, शेजारणींनी केलेली शुश्रूषा, निरवानिरव, हे सगळं श्याम असं सांगतो की आपण त्या खोलीत उभे असतो. पण श्याम तिथे नव्हता. तो शिकायला दूर होता. त्याला पोचायला उशीर झाला, आई आधीच गेली होती. म्हणजे या पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग ऐकीव आहे! सतरा वर्षांत मला हे एकदाही जाणवलं नव्हतं. न पाहिलेलं इतकं बारीक कोण सांगतं? जो तिथे असायला हवा होता आणि नव्हता, तो. त्याने नक्कीच एकेकाला गाठून विचारलं असणार, शेवटी काय म्हणाली, पाणी कुणी पाजलं. पुन्हा पुन्हा. प्रत्यक्ष पाहणारा माणूस एवढे प्रश्न विचारत नाही.

एक जागा मला अजून अवघड जाते. मोळी उचलता न येणाऱ्या म्हाताऱ्या महार बाईला मदत कर, असं आई श्यामला सांगते, आणि मग घरी येऊन अंघोळ कर म्हणते. पाचवीत मला फक्त मदत दिसली होती. आता अंघोळही दिसते. श्यामचं घराणं खोताचं, म्हणजे सरकार आणि कुळं यांच्या मधलं, वसुली करणारं. सावकाराने श्यामच्या घराला काय केलं ते आपण रडत वाचतो, पण खोतीच्या कुळांच्या घरात रात्री काय बोललं जात होतं, ते या बेचाळीस रात्रींत येत नाही. ती बाजू ऐकायची तर दुसरीकडे जावं लागतं. खोती बंद करण्याचं विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, ती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. पण गुरुजी स्वतः आईच्या त्या अंघोळीपाशी थांबले नाहीत हेही खरं. मे १९४७मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले होते. एकाच स्रोतात दोन्ही सापडतं. गाळायचं काय आणि ठेवायचं काय, हा प्रश्न डेटा साफ करताना मला रोज पडतो आणि दरवेळी मी आधी ठेवते.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पुस्तक संपलं, शेवटचं कोरं पान उलटलं, तर त्यावर आधीच कुणीतरी पेन्सिल चालवली होती. अक्षर बाबांचं.

कापूस २१ क्विंटल, गुणिले ५४५०. खाली, गाडी १८,०००. एका बाजूला सोसायटी ६५,०००, कृषी केंद्र ४१,२००, वेचाई १६,८००. त्याखाली ‘अम. ३८,०००’. बेरीज, वजाबाकी, आणि तळाशी २८,५५० या आकड्याभोवती दोन वेळा गिरवलेला गोल. साल नाही.

आमची स्प्लेंडर विकली होती हे मला माहीत होतं. पण मला सांगितलं होतं की जुनी झाली, पेट्रोल खाते. मी तेव्हा अमरावतीला होस्टेलवर. फोनवर रोज एकच, “सगळं बरं आहे, तू अभ्यास कर.”

मग काय, मी घरातच फील्डवर्क सुरू केलं. आई म्हणाली, “गुलाबी बोंडअळीचं वर्ष असंल ते.” म्हणजे २०१७. बाबा म्हणाले, “नाही वं, लॉकडाऊनमधलं हाय. कापूस घरातच पडला व्हता.” म्हणजे २०२०. दोघंही शपथेवर. मी लांब धाग्याच्या कापसाचे हमीभाव काढले: २०१७-१८ला ४३२०, २०१८-१९ला ५४५०, २०१९-२०ला ५५५०. आकडा तंतोतंत मधल्या वर्षाला बसत होता. पण घाई केली नाही, कारण व्यापाऱ्याचा भाव कुठल्याही वर्षी ५४५०ला टेकू शकतो. एका खुंटीवर छप्पर टाकू नये. धाकट्याला विचारलं, गाडी गेली तेव्हा तू कितवीत होतास? तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “बारावीत. ट्यूशनले पायी जाऊन जाऊन बूट फाटला माह्या.” त्याच्या बारावीच्या मार्कशीटवर फेब्रुवारी २०१९. म्हणजे हंगाम २०१८चा. आई चूक, बाबा चूक, बूट बरोबर.

राहिलं ‘अम.’. माझ्यातल्या केमिस्टने लगेच सुचवलं, अमोनियम सल्फेट असेल. पण खत तर कृषी केंद्राच्या ४१,२००मध्ये आलं होतं, आणि पाच एकरांत ३८ हजारांचं अमोनियम सल्फेट कुणी टाकत नाही. २०१८च्या जुलैत मी एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. फी, होस्टेल, डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स. मी आजवर सगळ्यांना सांगत आले की माझं शिक्षण स्कॉलरशिपवर झालं. स्कॉलरशिप आली होती, खोटं नाही. पुढच्या उन्हाळ्यात.

संध्याकाळी बाबा अंगणात हरभऱ्याच्या बियाण्याला औषध चोळत बसले होते. पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, बाबा, हे २०१८चं आहे, मी सिद्ध केलं.

“सालाचं काय मालूम बाप्पा,” ते म्हणाले. “तू का आता त्याचा पेपर छापशीन काय?”

मग हात धोतराला पुसले, पुस्तक डोळ्यांपासून लांब धरून पान नीट पाहिलं आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. “वेचाई चुकली हाय इथं. आठ नाही, साडेआठ रुपये किलो दिले व्हते त्या बायांले.” १६,८०० खोडून त्यांनी १७,८५० केलं आणि खालच्या गोलातला आकडा बदलून २९,६०० लिहिला.